भाग मिळतात, माणूस मिळत नाही

रिळांचे टेपरेकॉर्डर आता दुरुस्त होत नाहीत, त्यांचे सुटे भाग कोठेही मिळत नाहीत, सबब ते भंगारवाल्यास देऊन माळा मोकळा करावा, असे मत आपल्या मंडळींच्या बैठकीत अलीकडे वरचेवर ऐकू येते. हे मत आम्हांस मान्य नाही. धान्याच्या पेढीचा व्याप मुलांवर सोपवून उरलेल्या वेळात आम्ही गेली काही वर्षे या यंत्रांच्या मागे हिंडलो आहोत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड व चोर बाजार, पुण्याची बुधवार पेठ, अमदावादची रविवारी आणि आमच्या सिल्वासातीलच कारखान्यांची मागील दारे, एवढ्या ठिकाणी हिंडून जे पाहिले त्यावरून आमची खात्री झाली आहे की, भाग मिळतात, माणूस मिळत नाही. आणि माणूस मिळत नाही याचे कारण, ग्राहकाने त्यास वेळेवर काम दिले नाही, व दिले तेव्हा त्याच्या विद्येचे दाम न देता केवळ स्क्रू फिरविल्याचे दाम दिले, हे होय.

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ही यंत्रे होती कोणाच्या घरी? १९६० ते १९८० या काळात ग्रुंडिग, फिलिप्स, सोनी, अकाई अशा नावांची ही जड पेटी घरात आणणे सामान्य संसाराच्या आवाक्यातले नव्हते. ती पेढीवाल्याच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या दिवाणखान्यात असे. कोणाचा आप्त पूर्व आफ्रिकेतून परतताना ती घेऊन येई, कोणी मुंबईहून आणी. लग्नात मंगलाष्टके सुरू झाली की मांडवाच्या खांबाशी मायक्रोफोन बांधला जाई. नव्या पेढीच्या मुहूर्ताला वडीलधाऱ्यांचे चार शब्द फितीवर घेत; आजीचे स्तवन, मुलाचे बोबडे बोल, रेडिओवरचे आवडते गाणे, सारे एकाच रिळावर एकापाठोपाठ भरले जाई. पुढे कॅसेट आली आणि रिळाची पेटी माळ्यावर गेली. परंतु फितीवरचा आवाज काही कॅसेटवर आपोआप गेला नाही. तो तेथेच, त्या खोक्यांत आहे. म्हणजे आपल्या भागातील गेल्या दोन पिढ्यांचा आवाज प्राधान्याने व्यापाऱ्यांच्या माळ्यांवर पडून आहे, आणि त्याची राखण कोणी करावयाची याविषयी वाद होण्याचे कारण नाही.

आमच्या या लहानशा प्रदेशाच्या बाबतीत तर गोष्ट अधिक गंभीर आहे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. त्यानंतर ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत, भारतात रीतसर विलीन होईतो, येथील कारभार येथल्याच वरिष्ठ पंचायतीने पाहिला. या लढ्यासाठी २ मे १९५४ रोजी पुण्यास हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम झाला, त्यातून पैसा उभा राहिला. सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे हे स्वतः या मुक्तिसंग्रामात होते. दोघांचाही आवाज महाराष्ट्राने पुढे अर्धशतक ऐकला आणि आजही तो कोणासही ऐकता येतो. परंतु त्या पावसाळी दिवसांत ज्याने आपल्या दुकानाच्या फळ्या लावून आतून कानोसा घेतला, दुसऱ्या दिवशी कोणते नाणे चालेल याची चिंता केली, भात कोणत्या बाजारात न्यावे याचा विचार केला, त्या सिल्वासाच्या दुकानदाराचा आवाज कोठे आहे? असलाच तर पंधरा-वीस वर्षांनंतर एखाद्या घरगुती समारंभात भरलेल्या फितीवर आहे. तो सांगणारा आता नाही. त्या काळची आठवण असणारे आज ऐंशीच्या पलीकडचे आहेत, आणि तेव्हा ते मुले होते.

आता यंत्राकडे वळू. चुंबकीय फितीवर आवाज उतरविणारे एईजी कंपनीचे मॅग्नेटोफोन हे यंत्र १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांपुढे आले, त्याची फीत बीएएसएफने केली. युद्धानंतर ती विद्या अमेरिकेत गेली, १९४८ साली अँपेक्सची यंत्रे तेथे कामाला लागली, आणि पुढील तीस वर्षे जगातील बहुतेक महत्त्वाचा आवाज पाव इंच रुंदीच्या या तपकिरी फितीवर साठविला गेला. एवढा इतिहास पुरे. आम्हा धान्यवाल्यांना वस्तूचा इतिहास कमी आणि तिला कीड कोठून लागते हे अधिक कळते.

या यंत्राची कीड म्हणजे त्यातील रबर. लोखंड, पितळ, तांब्याच्या तारा, यांना पन्नास वर्षांत फारसे काही होत नाही. रबर मात्र एकतर दगड होते नाही तर डांबर. मोटरपासून चाकापर्यंत जाणारा पट्टा वितळून काळ्या चिकट रेघेसारखा तळाशी पडलेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे. फिरणाऱ्या बारीक दांड्यावर फीत दाबून धरणारे जे रबरी चाक असते, ज्यास कारागीर पिंच रोलर म्हणतात, ते तर या यंत्राचे मर्मस्थान होय. ते कठीण झाले की फीत घसरते, आवाज डोलू लागतो, आणि मालक म्हणतो की टेप खराब झाली. टेप खराब झालेली नसते. चार बोटांएवढे चाक गुळगुळीत झालेले असते.

हे चाक नवे कोठून आणावे? युरोप-अमेरिकेत जुन्या चाकांवर नवे रबर चढवून देणारे व्यवसाय आहेत. परंतु टपालखर्च आणि जकात धरता चाकापेक्षा बारदान महाग, अशी गत होते. येथे आम्हांस आमच्याच गावाने हात दिला. सिल्वासा व आसपासच्या परिसरात सुताचे व कृत्रिम धाग्याचे कारखाने किती आहेत हे वाचकांस सांगावयास नकोच. कताईच्या यंत्रांवर सूत ओढणारे जे रबरी रोलर असतात, त्यांना तेथील लोक कॉट म्हणतात. ते ठराविक दिवसांनी दगडी चाकावर घासून नेमक्या व्यासाला आणणे हे गिरणीतील रोजचे काम आहे. रबर किती कठीण आहे ते मोजण्याचे घड्याळासारखे उपकरणही त्यांच्यापाशी असते. ज्यास केसाच्या जाडीइतका फरक बोटाला कळतो असा माणूस तेथे पाळीवर उभा आहे, आणि आपण मात्र रबरी चाकासाठी परदेशी पत्रे लिहितो! आमच्या परिचयाच्या अशा एका कामगाराने सुटीच्या दिवशी आमचे चाक घासून दिले. पृष्ठभागावरची मेलेली साय निघाली, आतील रबर जिवंत निघाले, आणि ते चाक आजही चालत आहे. जेथे आतले रबरही मेलेले असते तेथे छापखान्याचे व पॅकिंगच्या यंत्रांचे रोलर भरणारे लोक पितळी गाभ्यावर नवे रबर चढवितात. वापी-उमरगावच्या पट्ट्यात असे कसब शोधणाऱ्यास सापडते. पट्ट्यांची गोष्ट त्याहून सोपी. पंपाच्या व यंत्रांच्या रबरी कड्या विकणाऱ्याकडे जुन्या पट्ट्याचा घेर व जाडी मोजून नेली, तर पुष्कळदा जवळचे माप हातोहात मिळते. फक्त माप ताणलेल्या पट्ट्याचे घेऊ नये. चाकांभोवती दोरा फिरवून घ्यावे आणि त्यातून थोडे वजा करावे.

मोटर जळली असल्यास पंख्याच्या मोटरी भरून देणारा कारागीर ती भरू शकतो, मात्र तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या जुनी उलगडताना मोजून लिहून ठेवण्याची सक्ती त्यावर केली पाहिजे. येथे एक सूचना करून ठेवतो. अमेरिकेहून आलेले यंत्र आपल्याकडे १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनही संथ चालते, कारण तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची आणि आपली ५० ची; ज्या यंत्राची मोटर या आवर्तनावर चालते ते सहापैकी पाच हिस्सेच वेगाने धावते. अनेक जपानी यंत्रांत यासाठी दोन मापांची कप्पी किंवा बदलता येणारी पुंगळी दिलेली असते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली यंत्रे बिघडलेली म्हणून विकली गेली आहेत.

विजेच्या भागांविषयी आम्ही अधिकाराने बोलत नाही, तरी कारागिरांपाशी बसून जे शिकलो ते सांगतो. जुन्या यंत्रातील कागदी आणि रासायनिक कंडेन्सर वयोमानाने गळके होतात; तेवढ्याच क्षमतेचे नवे कंडेन्सर लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, आजही मिळतात. रेव्हॉक्सच्या १९६७ च्या ए ७७ सारख्या यंत्रांत वीज आत येते तेथला कंडेन्सर तडकून घरभर धूर करतो, तो यंत्र सुरू करण्यापूर्वीच बदलावा. व्हॉल्व्हच्या यंत्रांचे घाबरण्याचे कारण नाही. ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह आजही परदेशांत नवा तयार होतो, कारण गिटार वाजविणाऱ्यांना त्याचाच आवाज हवा असतो. पोरांच्या या हौसेमुळे आमच्या पिढीची यंत्रे तगली आहेत हे नमूद करावयास हवे. आवाजाबरोबर हिरवी पाने उघडझाप करणारा दर्शक व्हॉल्व्ह मात्र जुन्या साठ्यातूनच मिळवावा लागतो. खरी अडचण एकाच भागाची आहे, ती म्हणजे हेड. फितीवरील चुंबकीय खूण वाचणारा हा तुकडा झिजून त्यावर खाच पडली तर तो काही प्रमाणात घासून सपाट करता येतो. त्यापलीकडे झिजला तर दुसऱ्या यंत्राचा काढून बसविणे हाच मार्ग उरतो. आणि याच भागावर बाजारातील लबाडी चालते.

आमच्या एका यंत्राची हकीकत अशी. एका मोठ्या शहरातील एका दुरुस्तीवाल्याने ते ग्रुंडिग अकरा महिने ठेवून घेतले. दर महिन्यास, भाग परदेशातून येत आहे, एवढेच उत्तर. शेवटी ते परत आले तेव्हा पेटी पॉलिश केलेली, बटणे चकचकीत, आणि आत मूळ हेडच्या जागी कोणत्या तरी अन्य यंत्राचे, वाकडे बसविलेले हेड. मालाचा नमुना एक आणि पोत्यात माल दुसरा, हा प्रकार आपल्या बाजारात झाला असता तर पंचांपुढे वांधा पडला असता. येथे पंच नाहीत. त्या गृहस्थाचे नाव आम्ही येथे घेत नाही. घेऊन उपयोगही नाही. परंतु त्यानंतर आम्ही एक नियम केला की, यंत्र देण्यापूर्वी त्याचे आतून छायाचित्र काढावे, भागांवरील आकडे वहीत उतरवावे, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत परत मागावा.

चोर बाजारातील आणि जुन्या बाजारांतील खरेदीविषयीही दोन शब्द. तेथे यंत्रांची वाण नाही. परंतु हल्ली त्यांचे ग्राहक निराळे आहेत; उपाहारगृहांच्या सजावटीस आणि चित्रपटांच्या सेटवर मांडावयास ही यंत्रे जातात, त्यामुळे ज्याची पेटी सुंदर त्याचा भाव अधिक आणि ज्याचे काळीज शाबूत त्यास विचारणारा नाही. आमच्या मते खरेदीदाराने याचा उलट फायदा घ्यावा. पेटी फुटलेली, झाकण हरवलेले, पण हेडवर खाच नसलेले यंत्र स्वस्तात मिळते, आणि भागांसाठी तेच उत्तम. विक्रेता 'चालू आहे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मोटर फिरते एवढाच घ्यावा. तेही त्याने थेट विजेवर लावू नये. वायरमनपाशी शंभर वॅटचा पिवळा दिवा जोडलेला सिरीज बोर्ड असतो, त्यातून आधी वीज द्यावी. दिवा भगभगीत पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे आणि यंत्र तसेच बंद करावे. चाळीस वर्षे निजलेल्या यंत्रास एकदम पूर्ण वीज देणे म्हणजे उपोषणाच्या पारण्याला पुरणपोळी वाढण्यासारखे आहे.

येथवर यंत्राचे झाले. पण आमचा खरा मुद्दा फितीचा आहे, आणि या मुद्द्यावर हौशी संग्राहकांशी आमचे पटत नाही. ते यंत्रासाठी फीत शोधतात. नवी कोरी फीत फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत आजही तयार होते, तीवर गाणी भरून ऐकण्यात त्यांना आनंद आहे. त्यास आमची हरकत नाही. परंतु यंत्र जिवंत ठेवावयाचे ते जुन्या फिती वाचण्यासाठी, असे आम्ही समजतो. वजन करावयाचा माल नसेल तर काट्याला तेलपाणी कशासाठी करावयाचे?

फितीची परीक्षा आपणा लोकांना अवघड नाही. खोका उघडताच सिरक्याचा आंबट वास आला तर फीत अ‍ॅसिटेटची असून कुजण्यास लागली आहे असे समजावे. रीळ उजेडासमोर धरले असता गुंडाळीतून उजेड झिरपतो, हीही तिची खूण. पॉलिएस्टरची फीत अपारदर्शक दिसते. पहिली ताण पडताच कडकन तुटते, पण तुटलेली टोके जुळवून जोडता येतात. दुसरी तुटण्याऐवजी ताणली जाते आणि ताणलेला आवाज परत येत नाही. १९७० नंतरच्या काही फितींचा लेप हवेतील ओल शोषून चिकट होतो, वाजविताना किंचाळतो आणि हेडवर तपकिरी चिखल साठतो. अशी फीत सौम्य आचेवर, साधारण ५० ते ५५ अंशांवर, काही तास ठेवून तात्पुरती बरी करतात. परंतु अ‍ॅसिटेटची फीत त्या उष्णतेने कायमची बिघडते. म्हणून फितीची जात ओळखल्यावाचून हा प्रयोग करणे नाही, आणि घरच्या स्वयंपाकाच्या भट्टीत तर मुळीच नाही. आपल्या पावसाळ्याची ओल तुरीला काय करते ते आपण जाणतो. फितीलाही तीच बुरशी धरते. पांढरी भुकटी दिसली की ते रीळ अन्य रिळांपासून वेगळे ठेवावे आणि साफ झाल्याखेरीज यंत्रावर चढवू नये, नाही तर एका पोत्याची कीड साऱ्या गोदामास.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशासाठी? शहरात पैसे देऊन फिती संगणकावर उतरवून मिळतात, तेथे पाठवाव्यात आणि यंत्र विकावे. हा विचार अगदी टाकाऊ नाही. ज्याच्यापाशी एकच रीळ आहे त्याने तसेच करावे. परंतु उतरविणाऱ्यास तरी यंत्र लागतेच, आणि त्याच्या यंत्रास कारागीर. युनेस्कोने ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने २०१९ साली चुंबकीय फितींविषयी जगभर धोक्याची सूचना काढली. फीत पुष्कळ वर्षे टिकेल, पण ती वाजविणारी चालती यंत्रे, त्यांचे भाग आणि ती चालविणारे जाणते २०२५ च्या सुमारास दुर्मिळ होऊन हे काम नित्याचे राहणार नाही, असे तज्ज्ञांचे अनुमान होते. ती वेळ आता दाराशी येऊन ठेपलेली नाही, घरात शिरली आहे. मुंबईचे एनसीपीए, १९८२ पासून काम करणारे व आता गुरुग्राम येथे असलेले लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय, अशा संस्था आपापले भांडार सांभाळीत आहेत, त्यांचा भर संगीतावर व लोकपरंपरेवर आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने एकेकाळी खाजगी मैफलींची मुद्रणे श्रोत्यांपर्यंत पोहोचविली. कोणा हौशी माणसाने घरी भरून ठेवलेल्या फितीतून केवढे धन निघते याचा तो दाखला होय. परंतु सिल्वासाच्या किराणा दुकानदाराच्या मुहूर्ताची फीत सांभाळण्यास दिल्ली-मुंबईहून कोणी येणार नाही. ती आपणच सांभाळावयाची.

यासाठी आमची सूचना अशी आहे. बाजारात प्रत्येक दुकानदार आपला भुईकाटा बांधीत नाही. सर्वांचा मिळून एक धर्मकाटा असतो आणि त्याची देखभाल सर्वांच्या खर्चाने होते. तद्वत आपल्या मंडळाने दोन यंत्रे ठेवावीत. दोन एवढ्यासाठी की, काही फितींवर आवाज अर्ध्या रुंदीत भरलेला असतो आणि काहींवर पाव रुंदीत. एका जातीची फीत दुसऱ्या जातीच्या यंत्रावर लावली तर आवाज क्षीण येतो किंवा मागील बाजूचे बोलणे उलटे होऊन त्यात मिसळते. भागांसाठी आणखी एक-दोन मोडकी यंत्रे घेऊन ठेवावीत, आणि ज्यांच्या घरी अशी पडून आहेत त्यांनी ती भंगारात न देता मंडळास द्यावीत. आम्हांस आजवर या छंदापायी आलेला सारा खर्च आपल्याकडील एका बेताच्या लग्नातील फुलांच्या खर्चाहून अधिक नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण खर्चाचे नाव काढताच सभेत शांतता पसरते हा अनुभव आहे.

यंत्रांपेक्षा अधिक अगत्याची गोष्ट म्हणजे माणूस. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारी पिढी आता सत्तरीपंचाहत्तरीत आहे. तिच्यातील जे कोणी आपल्या तालुक्यांत उरले आहेत, त्यांचे डोळे गेले असतील, हात थरथरत असतील, पण कान शाबूत आहेत. आम्ही अशा एका वृद्ध कारागिरापाशी बसलो असता, यंत्राचा नुसता घरघर आवाज ऐकून त्यांनी कोणते चाक घासते ते सांगितले. झाकण उघडल्यावर तेच निघाले. या माणसांपाशी आपल्याच प्रदेशातील कराड गावच्या (साताऱ्याकडचे कऱ्हाड नव्हे) शासकीय तंत्रनिकेतनातील एक-दोन मुलांना आठवड्यातून एक दिवस बसवावे. मुलास विद्यावेतन द्यावे, आणि वृद्धास मानधन द्यावे. शाल व श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करू नये. यंत्रांच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तिका संगणकावर बहुतेक सापडतात. त्या वाचण्याचे डोळे मुलाचे आणि ऐकण्याचे कान वृद्धाचे, अशी ही जोडी जमली तर पुढची वीस वर्षे काम निघेल.

एक अडचण मात्र खाजगीत अनेकांनी बोलून दाखविली, तिचा उल्लेख करणे भाग आहे. घरच्या फितींत घरचे भांडणही असते. वाटणीच्या वेळचे बोलणे, कोणाविषयी काढलेले वावगे उद्गार, हे परक्या मुलाने का ऐकावे? शंका रास्त आहे. आमचे मत असे की, फीत उतरविताना घरचा एक माणूस समोर बसावा, उतरविलेली प्रत त्याच्याच हाती द्यावी, आणि मंडळाने आपल्यापाशी काहीही ठेवू नये, मालकाने लेखी संमती दिली तरच ठेवावे. परंतु भांडण आहे म्हणून फीत पुसून टाकणे आम्हांस पटत नाही. ज्या दोन भावांनी त्या फितीत आवाज चढविला, त्यांचे नातू आज एकाच दुकानात बसतात. त्यांना आपले आजोबा कोणत्या भाषेत भांडत हे कळले तर त्यांचे काही बिघडणार नाही. गुजराती, मराठी, वारली, यांची सरमिसळ असलेली ती बाजारी भाषा आता कोणी तशी बोलत नाही.

मंडळाचा निर्णय होईतो ज्यांना तातडी असेल त्यांच्यासाठी आमच्या पेढीच्या वरच्या खोलीत एक यंत्र तयार ठेवले आहे. ते ९.५ व १९ सेंटिमीटर या दोन्ही गतींचे असून सात इंची रिळापर्यंत चालते. फीत आणताना तिचा मूळ खोका बरोबर आणावा आणि त्यावरील पेन्सिलीचे लिखाण, ते कितीही फिकट असले तरी, पुसू नये. कित्येकदा गती, तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव तेथेच असते. रीळ घरच्या यंत्रावर एकदा लावून पाहण्याचा मोह टाळावा. दुपारी दोन वाजता बाजार उठल्यानंतर केव्हाही यावे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आल्यास अधिक बरे.